अम्मीच्या हातची शाळा

चार वर्षं, चार महिने, चार दिवस. मुसलमान घरात मुलाच्या शिक्षणाची सुरुवात करायला पिढ्यानपिढ्या हा दिवस धरला जातो. त्या दिवशी मुलाची बिस्मिल्ला होते. त्याला न्हाऊ घालून नवे कपडे चढवतात, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या किंवा मौलवीसाहेबांच्या पुढ्यात बसवतात. ते म्हणतील ते शब्द त्याने मागून म्हणायचे, हात धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवायचं, आणि मग जमलेल्यांना मिठाई वाटायची. दख्खनपासून दिल्लीपर्यंत तपशील बदलतात, पण हा सोहळा घरात होतो आणि त्यात सगळं घर सामील असतं.

अबुल फज्लने अकबरनाम्यात छोट्या अकबराच्या अशाच समारंभाची हकीकत दिली आहे. काबुलात हुमायूनने ज्योतिषांकडून शुभ घटका काढून घेतली होती. घटका आली, तेव्हा मुलगा जागेवर नव्हता. तो खेळायला पळाला होता आणि शोधूनही सापडला नाही. पुढे त्याच्यासाठी एकामागून एक उस्ताद नेमले गेले, तरी अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही. मोठेपणी तो रोज इतरांकडून पुस्तकं वाचून घेई आणि त्यांतलं पुष्कळसं लक्षात ठेवी. चार वर्षांच्या मुलाला समोर बसवून शिकवायला निघालेल्या प्रत्येक आईबापाने ही हकीकत एकदा तरी वाचावी.

आज काही मुसलमान कुटुंबं या घरगुती सुरुवातीलाच पुढे नेत आहेत. बिस्मिल्ला झाल्यावर मूल शाळेत घालायचं ही रीत सोडून ती त्याला सहाव्या, आठव्या, कधी दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवतात. इंग्रजीतून आलेला ‘होमस्कूलिंग’ हा शब्द त्यांच्या तोंडी असतो, मराठीत ‘घरशाळा’ही रुळू लागला आहे. अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक काढलं, तिथून या चळवळीचा आधुनिक प्रवाह धरतात. अमेरिकेतल्या मुसलमानांमध्ये हम्झा युसूफ यांच्यासारख्या विद्वानांनी तिचा उघड पुरस्कार केला. तिथून ती ब्रिटनमध्ये, आखातात आणि आपल्याकडे पोचली, असं सहसा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मुसलमान घरांमध्ये घरी शिकण्याची स्वतःची जुनी परंपरा आहे, आणि तिच्यात जितका जिव्हाळा आहे तितकीच बायकांची कोंडीही आहे. त्या दोन्हींची ओळख करून घेतल्याशिवाय आजच्या घरशाळेबद्दल नीट बोलता येत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला केला पाहिजे. मुसलमान मूल शाळेत नाही म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात लगेच मदरसा येतो. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली आपला अहवाल दिला, तेव्हा शालेय वयाच्या मुसलमान मुलांपैकी सुमारे ३ टक्केच मुलं मदरशात शिकत असल्याचं त्यात नोंदवलं होतं. समितीने मदरसा आणि मकतब यांतला फरकही स्पष्ट केला होता. मकतब म्हणजे मोहल्ल्यातला, बहुधा मशिदीला लागून असलेला वर्ग. मूल तिथे शाळेच्या आधी किंवा नंतर तास-दीड तास जातं, नूरानी कायदा हे अक्षरओळखीचं पुस्तक घेऊन अरबी अक्षरं शिकतं, कुराण वाचायला लागतं. घरशाळा या दोन्हींहून वेगळी. तिथे गणित, भाषा, विज्ञान, कुराण आणि स्वयंपाकघर या सगळ्याची जबाबदारी एकाच घरावर असते, आणि घरावर म्हणजे बहुतेक वेळा आईवर.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत दाखल करणं हे त्याच्या कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षा सांगितलेली नाही. २०१२ सालच्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा अधिनियमातून वगळल्या. घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख मात्र कुठेच आला नाही. म्हणून ही कुटुंबं कायद्याच्या मोकळ्या जागेत राहतात. मूल मोठं झालं की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा देता येतात. या संस्थेची दहावी वयाची १४ वर्षं पुरी झाल्यावर देता येते. काही जण केंब्रिजच्या आयजीसीएसईला खासगी उमेदवार म्हणून बसतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तर शाळेची सक्ती नाहीच, त्यामुळे लहानग्यांची घरशाळा हा पूर्णपणे कुटुंबाचा निर्णय ठरतो.

निर्णय घेण्याची कारणं घरागणिक वेगळी असतात. कुणाला मुलाने हाफिज व्हावं असं वाटतं. सगळं कुराण पाठ करायला लहान मुलाला रोजचे कित्येक तास आणि साधारण दोन-तीन वर्षं लागतात, शाळेचं वेळापत्रक सांभाळून ते जमत नाही. कुणाचा नवरा कुवेतला किंवा सौदीला, दर दोन-तीन वर्षांनी सगळं कुटुंब तिकडे किंवा इकडे. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमान घरांत ही जुनीच कहाणी आहे. कुणाला इंग्रजी शाळेची फी परवडत नाही आणि जवळच्या शाळेचा दर्जा पटत नाही. कुणाच्या मुलाला वर्गात नावावरून किंवा डब्यावरून बोचरं ऐकावं लागलेलं असतं, आणि पाच वर्षांच्या मुलाने घरी येऊन ‘आपण वाईट आहोत का?’ असं विचारल्यावर आईने त्याचं दप्तर उचलून ठेवलेलं असतं. या शेवटच्या कारणाकडे कानाडोळा करून घरशाळेला नुसता धार्मिक हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. मार्च २०२० नंतर कोविडमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी आयांना पहिल्यांदाच कळलं की आपण शिकवू शकतो. त्याच वेळी शिकवणं म्हणजे किती काम असतं तेही कळलं.

आता त्या जुन्या परंपरेकडे येऊ.

एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातल्या खानदानी मुसलमान घरांत मुलींची शाळा म्हणजे जनानखाना. एखादी उस्तानी घरी येई, ती कुराण वाचायला शिकवी, फार तर उर्दूतली धार्मिक पुस्तकं. वाचन मान्य होतं, लेखनाला बंदी होती. मुलगी लिहायला शिकली तर परक्या पुरुषाला चिठ्ठ्या लिहील, ही त्यामागची भीती. महाराष्ट्रातल्या उच्चवर्णीय हिंदू घरांनाही ही भीती अनोळखी नव्हती. बिजनौर भागात १८४० साली जन्मलेल्या अशरफुन्निसा बेगम, म्हणजे बीबी अशरफ, अशाच घरातल्या. त्यांना शिकवणाऱ्या उस्तानींचं येणं मध्येच बंद पडलं. कुराण वाचता येत होतं, उर्दू येत नव्हती, आणि लिहिण्याचं तर नावही काढायची सोय नव्हती. मग त्यांनी तव्याच्या बुडाची काजळी खरवडली, ती पाण्यात कालवून शाई केली, केरसुणीच्या काड्यांची लेखणी केली, आणि घरातल्यांची नजर चुकवून मिळेल ते पुस्तक उतरवून काढायला सुरुवात केली. आपण काय उतरवतो आहोत हे त्यांना तेव्हा वाचताही येत नव्हतं. अक्षरांचे आकार हाताला वळले, मग हळूहळू त्यांचे आवाज उलगडले. पुढे विधवा झाल्यावर याच बीबी अशरफ लाहोरच्या व्हिक्टोरिया मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. आपण लिहायला कसं शिकलो याची त्यांनी स्वतः लिहिलेली हकीकत ‘तहजीबे निस्वाँ’ या लाहोरच्या साप्ताहिकात छापून आली. १८९८ साली निघालेल्या या साप्ताहिकाच्या संपादक होत्या मुहम्मदी बेगम. एक बाई संपादक, एक बाई लेखक, आणि वाचणाऱ्या बायका आपापल्या घरांत!

घरशाळेचं सर्वांत गाजलेलं पुस्तकही घरगुती गरजेतूनच जन्मलं. शिक्षण खात्यात काम केलेले नजीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला देण्याजोगं काही मिळेना. म्हणून त्यांनी स्वतःच त्यांच्यासाठी थोडं थोडं करून एक गोष्ट लिहिली. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट ‘मिरातुल उरूस’ या नावाने १८६९ साली प्रसिद्ध झाली, सरकारने तिला १००० रुपयांचं इनाम दिलं. यातली धाकटी असगरी स्वतः शिकलेली आहे आणि सासरी आल्यावर घरातच मोहल्ल्यातल्या मुलींचा वर्ग भरवते. तिच्या वर्गात हिशेब आहे, शिवण आहे, स्वयंपाक आहे, भूगोलही आहे. आजच्या घरशाळेतल्या पुष्कळ आया जे करतात त्याचा आराखडा दीडशे वर्षांपूर्वीच्या या उर्दू कादंबरीत सापडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘बहिश्ती जेवर’ लिहिलं. मुळाक्षरांपासून पत्रलेखनापर्यंत आणि फिकहच्या म्हणजे धर्मशास्त्राच्या नियमांपासून पाककृतींपर्यंत सगळं त्यात आहे. मुलीने घराबाहेर न पडता धर्माची जाणकार व्हावं हा त्याचा हेतू. ते पुस्तक असंख्य नववधूंच्या सामानातून सासरी गेलं. त्यातल्या बाईला ज्ञान पुरेपूर दिलं आहे आणि दार मात्र बंद ठेवलं आहे, हेही सांगायला हवं.

रुकैया सखावत हुसेन यांनी ते दार उघडलं. रंगपूरजवळच्या पायराबंद गावी १८८० साली त्या जन्मल्या. घरात मुलींना बंगाली किंवा इंग्रजी शिकवण्याची पद्धत नव्हती. थोरले भाऊ इब्राहिम साबिर रात्री सगळं घर झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला इंग्रजी शिकवत. या चोरून भरलेल्या वर्गातून बाहेर पडलेल्या बाईने १९०५ साली ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली, आणि १९११ साली कलकत्त्यात ८ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. घरी शिकलेल्या रुकैयांनी आयुष्य वेचलं ते मुलींना घराबाहेरची शाळा मिळावी म्हणून.

या परंपरेची मुंबईतली शाखा सगळ्यांत मोकळी होती. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या सुलेमानी बोहरा घराण्यात एक सुंदर रीत होती. कुटुंबाच्या घरांत ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवलेल्या असत. घरातला कोणीही, बाई असो, पुरुष असो की लिहिता येणारं मूल असो, त्या वहीत दिवसाची हकीकत, सहलीचं वर्णन, मतभेद, काय वाटेल ते लिही आणि इतर ते वाचत. घराण्याने गुजराती बाजूला ठेवून उर्दू जवळ केली होती, तिचा सराव या वह्यांतून होई. मुलांना निबंधाचे विषय देण्याची गरजच पडत नसे. याच गोतावळ्यातल्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथून त्यांनी बहिणीला लिहून पाठवलेली रोजनिशी त्याच ‘तहजीबे निस्वाँ’मध्ये छापून आली. त्यांची दुसरी बहीण नाझली जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम होती, म्हणजे हा धागा थेट मुरूडपर्यंत येतो. आणि पक्षितज्ज्ञ सलीम अलीही याच कुळातले. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे ते गिरगावजवळच्या खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक चिमणी गळ्यावर पिवळा डाग असलेली निघाली. मुलाने विचारलं, ही कोणती? मामांना ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही, भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवून दिलं. सलीम अली शाळेतही जात होते, पण त्यांचं आयुष्य ज्या प्रश्नाने घडलं तो घरात विचारला गेला, आणि घराने त्याचं उत्तर शोधायला त्यांना बाहेर पाठवलं.

हा मामा घरशाळेतल्या प्रत्येक पालकाने समोर ठेवावा असा आहे.

लहान मुलाला शिकवायचं कसं, याबद्दल इस्लामी ज्ञानपरंपरेत जे लिहिलं गेलं आहे तेही आज घरशाळा चालवणाऱ्यांनी आवर्जून वाचण्यासारखं आहे. इमाम गझाली (निधन ११११) यांनी ‘इह्या’ या ग्रंथात म्हटलं आहे की मकतबातून परतलेल्या मुलाला मनसोक्त खेळू द्यावं. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं, बुद्धी बोथट होते आणि ते सुटकेच्या पळवाटा शोधायला लागतं. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’मध्ये वेगवेगळ्या प्रदेशांतल्या बालशिक्षणाची तुलना केली आहे. मगरिबात, म्हणजे वायव्य आफ्रिकेत, मुलाला आधी फक्त कुराण शिकवत. अंदलुसमध्ये, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, कुराणाबरोबर काव्य, व्याकरण आणि सुलेखनही असे, त्यामुळे तिथल्या मुलांची भाषा अधिक सकस होई. सेव्हिलचे काझी अबू बक्र इब्नुल अरबी यांनी तर आधी भाषा, काव्य आणि हिशेब शिकवावा आणि समज आल्यावर कुराणाकडे वळावं, असं सुचवलं होतं. इब्न खल्दूनला ही पद्धत मनापासून पटली होती, पण रूढी तिच्या आड येते असंही त्याने नोंदवलं. मारझोडीबद्दल त्याचं म्हणणं स्पष्ट आहे. धाकात वाढलेलं मूल आळशी होतं, खोटं बोलायला शिकतं, आणि ढोंग हाच पुढे त्याचा स्वभाव होतो. आजही जिथे छडीच्या जोरावर पाठांतर करून घेतलं जातं, मग ते घर असो, मकतब असो की शाळा, तिथे हे पान मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

धर्म आणि अभ्यास यांची सांगड घालायची म्हणजे दोन तास कुराण आणि दोन तास गणित अशी वाटणी, असं अनेक घरं धरून चालतात. चांगली घरशाळा वेगळं काहीतरी करते. उदाहरण म्हणून मुंबईतल्या किंवा चिपळूणमधल्या एका गच्चीवर काठी रोवलेली बघू. काठी जमिनीवर बरोबर एक मीटर. दुपारी सावली सर्वांत आखूड होते तेव्हा मुलाने खडूने तिच्या टोकावर खूण करायची. त्यानंतर सावली वाढत जाते. या दुपारच्या सावलीत काठीच्या लांबीइतकी भर पडली की शाफई मताप्रमाणे असरच्या म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची वेळ होते, दुप्पट भर पडली की हनफी मताप्रमाणे. कोकणी मुसलमान शाफई आणि महाराष्ट्रातले बाकीचे बहुसंख्य मुसलमान हनफी. म्हणजे एकाच इमारतीत शेजारच्या दोन घरांची असर वेगवेगळ्या वेळी का होते, ते मुलाला गच्चीवर मोजपट्टी लावून कळतं. डिसेंबरअखेर मुंबईत एक मीटरच्या काठीची दुपारची सावली जवळपास ९० सेंटिमीटर भरते आणि ती उत्तरेकडे पडते. मेच्या मध्यावर एका दुपारी सावली काठीच्या पायाशी गडप होते. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसंच होतं, पण तेव्हा सहसा ढग आड येतात. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारची सावली उलटी, दक्षिणेकडे पडते! सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यासाठी अक्षवृत्त हा शब्द माहीत असण्याची गरज नाही. त्याने वहीत तारीख, सावली आणि दिशा लिहून ठेवली की वर्षभरात त्याच्या हाती भूगोलाचा मोठा धडा येतो. सावलीवरून दिशा कळल्या की किब्ला, म्हणजे नमाजची मक्केकडची दिशा, सापडतो. मुंबईहून मक्का पश्चिमेच्या साधारण १० अंश उत्तरेला आहे, मग मुसल्ला किंचित तिरका का अंथरतात तेही उमगतं.

चंद्राचंही तसंच. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. दादीने लहानपणी उन्हाळ्यातले रोजे ठेवले आणि आता थंडीतले का, हा प्रश्न मुलाकडूनच येतो. त्याच वेळी शेजारच्या घरात दिवाळी नेहमी पावसाळा सरल्यावरच का येते, याचं उत्तर अधिक मासात आहे हे सांगता येतं. एका घराची कालगणना समजून घेताना दुसऱ्या घराचीही समजते. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा. ४००० रुपयांवर १०० रुपये. अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं निमित्त कोणतं? नवव्या शतकात बगदादेत अल् ख्वारिझ्मीने बीजगणिताचा पाया घालणारं पुस्तक लिहिलं, त्याचा मोठा भाग इस्लामी वारसाहक्काच्या वाटण्या सोडवण्यात गेला आहे.

लहान मुलाच्या बाबतीत सर्वांत नाजूक प्रश्न भाषेचा. महाराष्ट्रातलं मुसलमान मूल घरी दखनी, उर्दू किंवा कोकणी बोलतं, नमाज अरबीत पढतं, पुस्तकं बहुधा इंग्रजीत वाचतं, आणि खाली अंगणात मराठी ऐकतं. शाळेत मराठी निदान विषय म्हणून तरी कानावरून जाते. घरशाळेत ती अलगद गळून पडू शकते. तसं झालं तर मुलाचं मोठं नुकसान आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख यांना लोकगीतांचं बाळकडू आई मुनेरबींकडून मिळालं. मराठीतून शिकवणारं मुसलमान घर ही इथली जुनी गोष्ट आहे, नवी उसनवारी नाही. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा विचार करताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना विसरून चालत नाही. त्यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणात मुलांसाठी वर्ग भरवले, मूल येत नसेल तर वर्गच मुलापाशी नेला. त्या वर्गात शेजारपाजारची पोरं एकत्र बसत. घरशाळेने ताराबाईंकडून हे उचलावं. आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी इतर मुलं घरी यावीत, आणि त्यांत वेगवेगळ्या धर्मांची मुलं असावीत. चार वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या हातून खेळणं परत कसं मागायचं, हे आई कितीही हुशार असली तरी एकटी शिकवू शकत नाही.

आता त्या आईकडे वळू.

घरशाळेवरच्या चर्चेत मुलाचा विचार भरपूर होतो, आईचा फार कमी. दिवसभर शिकवणारी तीच, रांधणारीही तीच, सासूसासऱ्यांचं औषधपाणी बघणारीही तीच. कित्येक जणी पदवीधर आहेत, कुणी बी.एड. केलेलं आहे, कुणी नोकरी सोडून घरी बसली आहे. ‘मुलांसाठी’ म्हणून सोडलेली ती नोकरी परत मिळतेच असं नाही. तव्याच्या काजळीने लिहायला शिकलेल्या बाईच्या वारशात ही नवी बाई जर पुन्हा चार भिंतींत परतणार असेल, तर थांबून विचार करायला हवा. वडील परदेशात असतील तर त्यांनी रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर मुलाचा एक विषय शिकवावा. इथे असतील तर सुट्टीचा एक दिवस पूर्ण त्यांचा. आजोबा, चाचा, फुफी, नानी, ज्याला जे येतं त्याने ते शिकवावं. मुलीला आणि मुलाला समान वेळ आणि समान पुस्तकं मिळतात की नाही, हे तर रोज तपासायला हवं. काही घरांत मुलगा शाळेत जातो आणि मुलीसाठी मात्र घरशाळा निवडली जाते. तिथे घरशाळा या शब्दाआड जुना पडदा लपलेला असतो, आणि त्याला विरोधच केला पाहिजे.

घराच्या आत काय चाललं आहे हे बाहेरच्या कुणाला तरी दिसलं पाहिजे, हाही मुद्दा टाळता येणार नाही. २०२३ साली इंग्लंडमधल्या वोकिंग इथे दहा वर्षांच्या एका मुलीचा घरातच छळ होऊन मृत्यू झाला. घरी शिकवतो असं सांगून तिला काही महिने आधी शाळेतून काढलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तिचे वडील आणि सावत्र आई यांना खुनासाठी दोषी ठरवलं. त्यानंतर घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद सक्तीची करण्याच्या मागणीने तिथे जोर धरला. कुटुंब पाकिस्तानी वंशाचं असल्याने या घटनेचा वापर सगळ्या मुसलमान घरांवर बोट ठेवायलाही झाला. तो अन्याय खरा, आणि त्या मुलीची हाक कुणाच्या कानी पडली नाही हेही खरं. फ्रान्सने २०२१ सालच्या कायद्याने घरी शिकवण्यासाठी आगाऊ परवानगी बंधनकारक केली. फुटीरतेविरुद्धचं पाऊल म्हणून तिथल्या सरकारने ती मांडली होती, पण तिचा फटका सगळ्याच घरशाळांना बसला. जर्मनीत तर घरशाळेला जवळपास वावच नाही. आपल्याकडे अशी नोंद नाही. म्हणून मुलाची नियमित आरोग्य तपासणी, जवळच्या वाचनालयाचं सभासदत्व, आठवड्यातून एकदा घराबाहेरचा एखादा शिक्षक किंवा वर्ग, आणि मुलाच्या कामाच्या तारखा घातलेल्या वह्या, एवढी व्यवस्था पालकांनी आपणहून करावी. तिचा उपयोग पुढे शाळेत प्रवेश घ्यायची वेळ आली तरी होतोच.

कारण ती वेळ येते. लहानपणी घरी शिकलेली पुष्कळ मुलं तिसरी-चौथीच्या वयात शाळेत जातात आणि त्यात कुणाचाही पराभव नसतो. काही मुलं पुढेही घरीच राहतात आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसतात. ती परीक्षा मराठी, उर्दू, इंग्रजी अशा अनेक माध्यमांतून देता येते. तिथे वयाला वरची मर्यादा नाही. लग्नामुळे ज्या अम्मीची स्वतःची दहावी किंवा बारावी अर्धवट राहिली असेल, तिला मुलाबरोबर आपलाही अर्ज भरता येतो.